बोटभर समास

त्या दिवशी हवा अगदी कोरडी होती. चैत्र लागून आठवडा झाला असेल. आभाळ स्वच्छ, वाऱ्याचं नाव नाही, आणि सकाळी नऊलाच नारायण पेठेतल्या आमच्या बोळातल्या फरशा तापायला लागल्या होत्या. बाइंडर लोकांना असली हवा मानवते. खळ लवकर वाळते, पुठ्ठा वाकत नाही, कापडाला फुगे धरत नाहीत. गेनबा बाइंडरांनी दारातून आभाळाकडं पाहिलं, हात धोतराला पुसले आणि स्वतःशीच म्हणाले, "आज कटिंग उरकून घ्यावं."

मग त्यांनी मला उचललं आणि मशीनच्या पात्याखाली ठेवलं.

मी दुसरा खंड बोलतोय. आम्ही तिघे भाऊ, मी मधला. अमेरिकेत काळ्या लोकांनी आपल्याला माणसासारखं वागवलं जावं म्हणून जी चळवळ केली, तिचा इतिहास तिकडच्या एका इतिहासकारानं तीन खंडांत लिहून काढला. थोरल्यात सुरुवात आहे, धाकट्यात शेवट आहे. मधली सगळी चालाचाल माझ्या वाट्याला आली.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पुस्तकाला वाचता येत नाही. लोकांना वाटतं एवढं सगळं पोटात आहे म्हणजे आम्ही मोठे विद्वान. तसं नाही बरं का. कुणी मोठ्यानं वाचून दाखवलं तरच आमच्या आत काय आहे ते आम्हाला कळतं. नाहीतर जन्मभर ओझं वाहायचं, एवढंच. तेव्हा माझ्या बोलण्यात शिकलेपण शोधू नका. माझं मराठी मी ऐकून ऐकून उचललेलं आहे. थोडं सरांकडून, थोडं कुसुमबाईंकडून, आणि बरंचसं गेनबांकडून.

माझा जन्म तिकडचाच. मोठा छापखाना, जाड पिवळसर कागद, आणि पानाला भरपूर समास. समास म्हणजे छापलेल्या मजकुराच्या बाजूला सोडलेली मोकळी कड. हा समासच पुढं माझ्या नशिबात आडवा आला.

पुण्याला मी गोपाळकृष्ण सरांच्या एका विद्यार्थ्याच्या बॅगेतून आलो. तो जाताना बॅगेत लोणच्याच्या बरण्या घेऊन गेला होता, येताना त्या जागेत आम्ही तिघे बसलो. पहिली दोन वर्षं आम्हाला कैरीचा वास येत होता.

सर कॉलेजात इतिहास शिकवायचे. नारायण पेठेत दोन खोल्यांत राहायचे, ते आणि कुसुमबाई. बाई मुलींच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. संध्याकाळी बाई भाजी निवडायला बसायच्या, आणि सर मला मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचायचे. डोळे इंग्रजीवर, तोंडातून मराठी. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझ्या आत काय आहे.

माझ्या आत एक शहर आहे. तिथं बसमध्ये गोऱ्या लोकांनी पुढं बसायचं आणि काळ्यांनी मागं, आणि गोऱ्यांना जागा कमी पडली तर काळ्यांनी उठायचं, असा कायदा होता. म्हणून तिथल्या काळ्या लोकांनी बसमध्ये चढणंच सोडलं. स्वयंपाकाला जाणाऱ्या बायका, गडीमाणसं, म्हातारे, सगळे पायी जायला लागले. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तीनशे एक्क्याऐंशी दिवस.

"तीनशे एक्क्याऐंशी," कुसुमबाई गवारीचं देठ मोडत म्हणाल्या. "आणि तुम्हाला मंडईतून कोथिंबीर आणायला सांगितली तर पाय दुखतात."

"मी इतिहासकार आहे," सर म्हणाले. "चालणाऱ्यांची नोंद ठेवणं माझं काम."

आणि नोंद ते कुठं ठेवायचे, तर माझ्या समासात. सरांना कागद विकत आणायचा भारी कंटाळा. एवढी मोकळी जागा समोर असताना वही कशाला, असं त्यांचं म्हणणं. "बघा, केवढा समास सोडलाय," ते बाईंना दाखवायचे. "जो देश इतका कागद वाया घालवतो तिथं अन्याय व्हायचाच."

त्यांना या सगळ्याचं मराठीत एक पुस्तक करायचं होतं. जाडजूड नाही, साधं, कुणालाही वाचता येईल असं. त्याची सगळी तयारी त्यांनी पेन्सिलीनं माझ्या अंगावर केली. थोरला आणि धाकटा नुसते वाचले गेले, मी लिहिलाही गेलो. आठ वर्षं. पानाच्या डावी-उजवीकडं, वर-खाली, जागा मिळेल तिथं बारीक मराठी अक्षर, पार कागदाच्या कडेपर्यंत. मला गुदगुल्या व्हायच्या.

पुस्तक काही झालं नाही. सत्त्याण्णव सालच्या दिवाळीआधी सर गेले. झोपेतच. मी उशाशी उघडा होतो.

मग हिवाळाभर बाईंनी मला हात लावला नाही. जेव्हा लावला, तेव्हा माझी पाठ मोडली. आठ वर्षं मांडीवर उघडून धरलेला मी, पाठीचा डिंक केव्हाच वाळून गेला होता. पानं सुटून बाईंच्या पदरात पडली. त्यांनी ती गोळा केली, क्रमानं लावली, जुन्या साडीत मला बांधलं आणि बोळाच्या तोंडाशी गेनबांच्या दुकानात घेऊन आल्या.

गेनबा तेव्हा सत्तरीला टेकले होते. मूळचे भोरकडचे. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. तरुणपणी पुण्यात आले आणि बाइंडिंगला लागले ते लागलेच. राहायला धायरीला मुलाकडं, आणि रोज सकाळी बसनं पेठेत. दुकान म्हणजे सहा फुटांची खोली. पुस्तक आवळून धरायचा एक शिकंजा, एक हातानं चाक फिरवायचं कटिंग मशीन, खळीचं पातेलं, आणि दाभण. खळीत मोरचूद घालायचे, किडा लागू नये म्हणून. पन्नास वर्षं पुस्तकं बांधली, एकही वाचलं नाही. फर्मा म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांचा जुडगा, त्याच्या खाली बारीक आकडे असतात, तेवढे ओळखायचे. त्यावर सगळं चालायचं.

बाईंनी मला त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "गेनबा, हे सरांचं. पन्नास वर्षं टिकेल असं बांधा. कडाही खराब झाल्यात बघा, जरा नीट करून द्या."

"काळजी करू नगा, बाई. नवं करून देतो."

आता यात चूक कुणाची? मी पुष्कळ विचार केला. गेनबांनी जन्मभर वाचनालयांची आणि कॉलेजांची पुस्तकं बांधली. तिथले लोक त्यांना दर वेळी सांगायचे, पोरांनी समासात लिहून घाण केलीये, कापून टाका. गेनबांना अक्षर आणि रेघोट्या यातला फरक कळणार कसा? पुस्तकाच्या कडेला पेन्सिल दिसली की ती घाण, आणि ती कापली की पुस्तक स्वच्छ. त्यावर लोक त्यांना शाबासकी देत आलेले. आणि बाईंनी तर तोंडानं सांगितलं होतं, कडा नीट करा.

म्हणून त्या कोरड्या दिवशी त्यांनी मला शिवलं, शिकंज्यात आवळलं, आणि पुढच्या कडेला नेहमी सुतभर कापतात त्या जागी मायेनं बोटभर कापलं. जमतील तेवढ्या रेघोट्या जाव्यात म्हणून. पातं खाली आलं तेव्हा दुखलं नाही. थंड वाटलं. माझी कड पात्यापलीकडं पडली, चिंचोळ्या पट्ट्यांचा ढीग झाला, आणि गेनबांनी तो पायानं कातरणीच्या पोत्यात सारला.

सोमवारी बाई आल्या. गेनबांनी मला दोन्ही हातांनी पुढं केलं. मरून रंगाचं कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं, कडा काचेसारख्या. बाईंनी मधलं पान उघडलं. मग दुसरं. मग भराभर दहा-बारा.

"छान कापलंत," त्या म्हणाल्या. "अगदी एकसारखं."

गेनबा हसले. त्यांना शाबासकीच वाटली.

"त्या रेघोट्या नव्हत्या, गेनबा. ते सरांचं पुस्तक होतं. त्यांना लिहायचं होतं ते सगळं तिथंच होतं. बघा, प्रत्येक ओळ अर्धी तुटलीये. अर्धा शब्द इथं आहे, अर्धा नाही." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी यंदा उतरवून काढणार होते. माझी चूक. मीच म्हटलं कडा नीट करा."

गेनबा खाली बसले. स्टुलावर नाही, फरशीवर.

शेजारच्या दुकानातून दिगंबरपंतांनी मान बाहेर काढली. त्यांचं घड्याळ-दुरुस्तीचं दुकान. डोळ्याला कायम ते भिंग चिकटवलेलं. तीस वर्षांचा शेजार. रोज सकाळी ते गेनबांना पेपर वाचून दाखवायचे, वर आपले शेरे मारायचे, आणि म्हणायचे, "ऐका, फुकट आहे." गेनबांकडं घड्याळ नव्हतं. ते दिवसातून चार वेळा हाक मारायचे, "किती वाजले हो, पंत?" आणि पंत सांगायचे. पंतांच्या दुकानावर एक पाटी होती. ती वाचून गिऱ्हाइकं दारातच गप्प व्हायची. त्यात काय लिहिलंय हे मला माहीत नव्हतं, आणि गेनबांनाही नाही. आम्ही दोघे त्या बाबतीत सारखेच.

"कातरणीचं पोतं कुठाय?" पंतांनी विचारलं.

"शनवारी गेलं. हडपसरला. पुठ्ठ्याच्या गोदामात."

"मग अजून लगदा झाला नसेल. इथं बसून काय करताय?"

गेनबा उठले. मला शिकंज्याखाली सुरक्षित ठेवलं आणि निघाले. त्या दिवशीचं पुढचं मी त्यांच्याकडूनच नंतर दहा वेळा ऐकलं, म्हणून सांगतो.

हडपसरच्या गोदामात पोत्यांचा डोंगर. सोजरबाई म्हणून एक कामकरी बाई कागद निवडत होती. तिनं विचारलं, "काय हरवलंय, बाबा?"

"पेन्शलीच्या रेघा."

"आँ?"

"रेघा हायत. एका मेलेल्या माणसाच्या."

तिनं कपाळाला हात लावला, पण उठली. आणि पोतं सापडलं ते कशामुळं, तर शिलाईमुळं. गेनबा पोत्याचं तोंडही पुस्तकासारखं शिवायचे, दुहेरी दोऱ्यानं, अंतर मोजून. त्या डोंगरात तसली शिलाई एकच होती. त्यांनी बोटानं चाचपली. "हे माझं."

"न्या," सोजरबाई म्हणाली. "इतकं नीटस पोतं फाडायला मलाबी जिवावर आलंतं."

परतीच्या बसला कंडक्टरनं पोतं बघितलं आणि हात आडवा केला. "बाबा, एक तर तुम्ही, नाहीतर पोतं." गेनबा उतरले. हडपसर ते नारायण पेठ, पोतं डोक्यावर घेऊन, चैत्राच्या उन्हात. पुलगेटापाशी एकदा टेकले. संध्याकाळी दुकानात आले तेव्हा पंतांनी आपली खुर्ची बाहेर काढून ठेवली होती. बोलले मात्र एवढंच, "फार लवकर आलात."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. पोत्यात दहा-बारा पुस्तकांची कातरण मिसळलेली. त्यातून माझी वेगळी काढली ती कागदाच्या रंगावरून आणि बोटांच्या स्पर्शावरून. साडेतीनशे कागदांच्या साडेतीनशे पट्ट्या, पत्त्यांसारख्या पिसलेल्या. आता कुठली पट्टी कुठल्या पानाची? वाचता येणाऱ्याला सोपं गेलं असतं. गेनबांना ते येत नव्हतं, म्हणून त्यांनी बाकी सगळं बघितलं.

माझ्या खालच्या कोपऱ्यात कसरीनं एक भोक पाडलं होतं. किडा तिरका तिरका आत गेलेला, म्हणजे भोक पानागणिक थोडं सरकत गेलेलं, आणि पट्ट्यांवरही त्याची वाट उमटलेली. त्यावर चाळीस पानं लागली. सरांच्या चहाचा एक डाग नऊ पानं झिरपला होता, ती नऊ लागली. ज्या किड्याला आयुष्यभर शिव्या दिल्या, त्याचे गेनबांनी मनापासून आभार मानले.

मग उरल्या नुसत्या अक्षरांच्या पट्ट्या. तिथं काम अडलं.

दर मंगळवारी दुपारी कुसुमबाई यायला लागल्या. पहिल्या मंगळवारी त्या दारातच उभ्या राहिल्या, दुसऱ्या वेळी बसल्या. त्यांनी गेनबांना एकच गोष्ट दाखवली. मराठी अक्षराच्या डोक्यावर एक रेघ असते. ती जिथं कापली गेली, तिथंच ती पुढं चालू झाली पाहिजे. तशीच उंची, तसाच कल.

"मंजे शिलाईच की," गेनबा म्हणाले. "एका फर्म्यातनं दुसऱ्यात दोरा."

पंतांनी आपलं दुसरं भिंग आणून दिलं. "हरवलंत तर सांगू नका," म्हणाले. "मी शोधत बसेन, तेवढाच विरंगुळा."

गेनबा पट्टी पानाला लावून बघायचे, एक नाही जमली की दुसरी, दुसरी नाही जमली की तिसरी. कधी दिवसाला एक लागायची, कधी चार दिवस एकही नाही. लागली की पतंगाचा पातळ, आरपार दिसणारा पांढरा कागद मागून लावायचा, खळीचा हात हलका, वर वजन, आणि वाळेपर्यंत थांबायचं. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळायचं नाही. त्यांनी घाई केली नाही. घाई करणारा माणूस मला हातांवरून कळतो. त्यांचे हात खडबडीत होते, पण माझ्या पानाला त्यांनी कधी घडी पडू दिली नाही.

मंगळवारी बाई जोडलेल्या ओळी मोठ्यानं वाचायच्या. मग गेनबा विचारायचे, "हे कशाबद्दल?" आणि बाई मग इंग्रजी बघून त्या पानावरची गोष्ट सांगायच्या. सर गेल्यावर मी पहिल्यांदा पुन्हा बोलका झालो.

बसची गोष्ट ऐकल्यावर गेनबा खळ ढवळायला लागले. "मलाबी कंडक्टरनं उतरवलं," ते म्हणाले. "पर ते पोत्यामुळं. पोतं ठिवलं असतं तर मला बसू दिलं असतं. ह्या लोकांना काय खाली ठिवायला जागाच न्हवती."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "आमच्या गावाला एक पाणवठा येगळा होता, बाई. ते हिकडं येत नव्हते, आम्ही तिकडं जात नव्हतो. मला वाटायचं, जागाच तशी हाय. कुणी केलीय असं कधी मनात आलं न्हाई."

"ह्या पानाच्या समासात यांनी तेच लिहिलंय," बाई म्हणाल्या. "फक्त शेवटची ओळ अर्धी आहे."

ती पट्टी गेनबांनी त्याच आठवड्यात शोधून काढली.

बाईंना एक लकब होती. शब्द वाचताना त्या अक्षराखाली बोट फिरवायच्या. मुलींना शिकवून शिकवून लागलेली सवय. गेनबा त्या बोटाकडं बघत राहायचे. हळूहळू मला जाणवायला लागलं की ते आता नुसती वरची रेघ बघत नाहीत. पट्टी हातात घेतल्यावर त्यांचे ओठ हलायचे. बाईंना कळलं असावं, पण त्या काही बोलल्या नाहीत. मास्तरणीला कुठं गप्प राहायचं ते कळतं.

एका मंगळवारी जे पान आलं ते मताचं होतं. माझ्या आत सांगितलंय की तिकडं दक्षिणेत काळ्या माणसाला मतदार व्हायचं असेल तर परीक्षा द्यावी लागायची. कायद्यातला अवघड उतारा पुढं ठेवायचे, वाच म्हणायचे, अर्थ सांग म्हणायचे. पास-नापास ठरवणारा गोरा कारकून. शिकलेला माणूससुद्धा त्याच्या मनात असेल तर नापास. म्हणून एका बेटावर एका दुकानाच्या मागच्या खोलीत, बाहेरून कुणाला दिसू नये अशा बेतानं, म्हाताऱ्याकोताऱ्यांची शाळा भरायची. दिवसभर शेतात राबून यायचे आणि आपलं नाव गिरवायचे.

"म्हातारे?" गेनबांनी विचारलं.

"तुमच्या वयाचेसुद्धा."

त्या पानाच्या कडेला सरांनी लिहिलं होतं आणि ते मध्येच तुटलं होतं. गेनबांनी पट्टी लावली. शिरोरेषा जुळली. बाई वाचायला वाकल्या, तेवढ्यात गेनबांनी बोट ठेवलं आणि सावकाश, एक एक अक्षर सुटं करून म्हणाले, "आ-प-ल्या-क-डं... प-हि-ल्या नि-व-ड-णु-की-त... अं-ग-ठ्या-ला म-त."

आपल्याकडं पहिल्या निवडणुकीत अंगठ्याला मत. कुणी परीक्षा घेतली नाही. एवढीच नोंद होती.

"बाई," गेनबा म्हणाले, "हे सरांनी माझ्याबद्दल लिहिलंय. बावन्न साली मी दिलंतं. अंगठ्यानं."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. पुसायची गरज नव्हती, तो स्वच्छच होता.

असं सव्वा वर्ष चाललं. साडेतीनशे पट्ट्यांतली एकच मिळाली नाही. त्या पानावर सरांनी खाली कोपऱ्यात लिहिलंय, "हे सगळं झालं की एकदा कुसुमला विचारायचं", आणि पुढं कापलेलं आहे. गेनबांनी पोतं तीनदा उपसलं, पुन्हा हडपसरला जाऊन आले. शेवटी तिथं कोरा कागद लावला आणि बाईंपुढं मान खाली घालून उभे राहिले.

बाईंनी ती अर्धी ओळ पुष्कळ वेळ बघितली. "असेल काहीतरी," म्हणाल्या. "चहा होतोय का, म्हणून." मग कोऱ्या जागेवरून एकदा बोट फिरवलं. "आणि त्याचं उत्तर होच होतं. राहू दे."

पुढं दोन वर्षांनी बाईंनी सरांचं मराठी पुस्तक छापून आणलं. पातळसं आहे. पहिल्या पानावर सरांचं नाव, आणि शेवटच्या पानावर "समास जोडणी : गेनबा बाइंडर". गेनबांनी ते स्वतः वाचलं आणि म्हणाले, "बांधणी कच्ची हाय." सहा प्रती घरी नेऊन पुन्हा बांधल्या.

आता ती माणसं नाहीत. बाईंनी जाताना आम्हा तिघांना पेठेतल्या एका वाचनालयाला दिलं. थोरला आणि धाकटा फळीवर ताठ उभे असतात. मला उभं राहता येत नाही. पट्ट्या आणि पतंगाचा कागद यांनी माझी कड जाड झालीये, मी नीट मिटतच नाही. मला आडवं ठेवतात. तोंड मिटत नाही म्हणून तर इतका बोललो.

मागच्या महिन्यात वाचनालयात नवीन माणूस आला. त्यानं मला उचलून बघितलं आणि म्हणाला, "ह्याच्या कडा फार खराब आहेत, एकदा नीट करून घेऊ." तेव्हापासून मला झोप नाही. म्हणून तुम्हाला विनंती आहे. तुम्ही तिथं कधी आलात तर मला मागून घ्या, कुठलंही पान उघडा, आणि दोन ओळी मोठ्यानं वाचा. त्याच्या कानावर पडू द्या. आणि एखाद्या पुस्तकाच्या कडेला कुणी काही लिहिलेलं दिसलं, तर कापायच्या आधी कुणाला तरी विचारा की हे काय आहे. गेनबांना विचारावं असं कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगितलंय.

एक दिवस मात्र सांगायचा राहिला. तो सांगतो आणि थांबतो.

नव्व्याण्णव सालची निवडणूक. पट्ट्या लावून झाल्या होत्या, मी गेनबांच्या फळीवर वजनाखाली वाळत होतो. पावसाची एक सर येऊन गेलेली, लगेच ऊन पडलेलं. गेनबांनी सकाळी धायरीला मत दिलं आणि मग बस धरून दुकानात आले. डाव्या हाताच्या बोटाला शाई, आणि अंगठाही निळा.

पंतांचं लक्ष गेलंच. "हे काय? मी ऐकलं तुम्हाला म्हणे वाचता येतं. कुसुमताई सांगत होत्या, सही पण करता. सव्वा वर्ष अक्षरं चिकटवली, आणि शेवटी अंगठाच?"

"सही येती की," गेनबा म्हणाले. "तिथल्या साहेबानं पेनबी पुढं केलं. पर म्हटलं, बावन्न सालापासनं ह्या अंगठ्यानं दिलंय. तवा मला कुणी विचारलं न्हाई वाचता येतं का. आता येतंय म्हणून त्याला का बाजूला सारू?"

 पंत भिंग डोळ्याला लावून एका घड्याळात डोकावत बसले.

गेनबांनी कुलूप काढलं, फळी पुसली, माझ्यावरचं वजन उचलून बघितलं. मग सवयीनं हाक मारली, "किती वाजले हो, पंत?" आणि विचारता विचारता त्यांची नजर वर गेली, पंतांच्या दुकानावरच्या पाटीवर. तीस वर्षं ती तिथंच होती. त्यांचे ओठ हलायला लागले. मी फळीवरून ऐकत होतो. पहिल्यांदाच मलाही ती पाटी कळणार होती.

"ये-थे घ-ड्या-ळे... दु-रु-स्त हो-ती-ल. कि-ती वा-ज-ले... हे वि-चा-रू न-ये."

बोळात एक सायकल गेली. 

"पंत," गेनबा म्हणाले, "तीस वर्सं मी तुम्हाला रोज इचारतोय. दिवसातनं चारदा."

दिगंबरपंतांनी भिंग डोळ्यावरून काढलं, रुमालानं पुसलं, पुन्हा लावलं, आणि घड्याळातून मान वर न करता म्हणाले, "ती पाटी वाचता येणाऱ्यांसाठी आहे, गेनबा. आजपासून तुम्हालाही लागू. पावणेअकरा झालेत."